चाबी घरात हरवते की बाजारात? टॅग घेण्याआधी एवढं पाहा

मागच्या मे महिन्यात बाबांच्या चाब्यांच्या जुडग्याला मी एअरटॅग, म्हणजे फोनवरून हरवलेली वस्तू शोधायचा अ‍ॅपलचा टॅग, लावला आणि दुसऱ्याच दुपारी चाबी हरवली. मी माझ्या आयफोनवरून टॅग वाजवला, पण काही ऐकूच येईना. हॉलमध्ये कूलर पूर्ण जोरात चालू होता. कूलर बंद केला तेव्हा स्वयंपाकघराकडून बारीक टिवटिव आली. मला आली, बाबांना तेव्हाही नाही. वय वाढलं की आधी उंच पट्टीचे आवाज ऐकू येईनासे होतात आणि या टॅगची शिट्टी त्याच पट्टीत वाजते. चाबी निघाली भाजीच्या पिशवीत, सांभाराच्या जुडीखाली.

तेव्हापासून कोणी विचारलं की ‘कोणता टॅग घेऊ’, तर मी आधी दोन गोष्टी विचारते. वस्तू घरात हरवते की बाहेर? आणि शोधणाऱ्याच्या हातात फोन कोणता आहे? किंमत त्यानंतर.

कारण या टॅगमध्ये ना जीपीएस असतं, ना सिम. तो फक्त ब्लूटूथचा संकेत सोडत राहतो. घरात तो संकेत तुमच्याच फोनला मिळतो, आणि मध्ये भिंती असल्या की साधारण दहा मीटरच्या पुढे भरवसा नाही. लोखंडी कपाटात ठेवला तर त्याहून कमी. बाहेर मात्र जवळून जाणाऱ्या अनोळखी माणसाचा फोन तो संकेत ऐकतो आणि जागा गुपचूप तुमच्यापर्यंत पोचवतो. त्या माणसाला पत्ताही लागत नाही. म्हणजे बाहेरच्या वापरासाठी तुम्ही विकत घेता ते खरं तर हे फोनांचं जाळं.

वस्तू घरातच हरवत असेल तर जाळ्यासाठी पैसे घालू नका. काहीशे रुपयांचे साधे टॅग मिळतात, त्यांना जाळं नसतं, पण शिट्टी असते. बऱ्याच टॅगना एक बटणही असतं, ते दाबलं की उलट फोन वाजतो. दिवसातून चारदा फोन शोधणाऱ्या आमच्या आईला हेच जास्त कामाचं. एअरटॅगला असं बटण नाही.

एअरटॅग २०२१ मध्ये आला, तेव्हा आपल्याकडे एकाची किंमत ३,१९० रुपये होती. वजन अवघं ११ ग्रॅम. त्याला छिद्र नाही, त्यामुळे चाबीला लावायचा तर कव्हरचा खर्च वेगळा. त्याची खरी ताकद बाणात आहे. आयफोन ११ आणि पुढच्या बहुतेक मॉडेलमध्ये पडद्यावर दिशा आणि अंतर दिसतं, त्यामुळे कूलर चालू असला तरी अडत नाही. पण अँड्रॉइड फोनवर तो जोडताच येत नाही. माझी चूक इथेच झाली. बाबांचा फोन अँड्रॉइड, टॅग माझ्या आयफोनला बांधलेला. मी ऑफिसात असले की बाबा घरी हातावर हात ठेवून बसणार. आयओएस १७ या आयफोनच्या सॉफ्टवेअरपासून एअरटॅग घरातल्या पाच जणांशी वाटून घेता येतो, पण त्या सगळ्यांकडे आयफोन हवा.

अँड्रॉइडवाल्यांसाठी गूगलचं जाळं २०२४ मध्ये सुरू झालं, आता त्याला ‘फाइंड हब’ म्हणतात. जिओटॅग गो, मोटो टॅग हे त्यावर चालतात. जिओटॅग गो बाजारात आला तेव्हा १,४९९ रुपयांना होता. दुकानात एक गोष्ट नीट वाचून घ्या: जिओटॅग ‘एअर’ अ‍ॅपलच्या जाळ्यावर चालतो, ‘गो’ गूगलच्या. दिसायला भाऊ-भाऊ, आणि चुकीचा घरी आला की दुकानाची दुसरी चक्कर.

आपल्याकडे अँड्रॉइड फोन कितीतरी जास्त, म्हणून गूगलचं जाळं जास्त दाट असेल असं कोणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. पण गूगलने खासगीपणासाठी एक अट घातली आहे: फोनची सेटिंग बदलली नसेल तर तो फक्त वर्दळीच्या जागीच मदत करतो, म्हणजे अनेक फोनांना तोच टॅग दिसला तरच जागा कळते. नागपुरात सीताबर्डीत किंवा इतवारीत हे झकास चालतं. काकांची कागदपत्रांची पिशवी काटोलकडच्या संत्र्याच्या बगीच्यात राहिली, तेव्हा दोन दिवस नकाशा हललाच नाही. काकांच्या स्वतःच्या फोनने शेवटची पाहिलेली जागा तेवढी दिसत होती, आणि ती बगीच्यातलीच निघाली म्हणून पिशवी मिळाली. अ‍ॅपलच्या जाळ्यात एकटा आयफोनही जागा कळवतो, पण तिकडे एखादा आयफोन फिरकायला तर हवा! शेतावर नेहमी जाणाऱ्यांनी यातल्या कशावरच भिस्त ठेवू नये.

सॅमसंगचा फोन असेल तर स्मार्टटॅग २ पाहायला हरकत नाही. बॅटरी ५०० दिवस चालते असं कंपनी सांगते, छिद्रही आहे आणि फोन वाजवायची सोयही. पण दुसऱ्या कंपनीचा फोन घेतलात की टॅग निरुपयोगी.

आता गाडीचं. सगळ्यात जास्त लोक मला हेच विचारतात: डिक्कीत टॅग टाकला तर चोरीला गेलेली गाडी सापडेल का? त्या भरवशावर राहू नका. मे २०२४ पासून आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही, अनोळखी टॅग सोबत फिरत असेल तर इशारा देतात. तो इशारा चोरालाही मिळतो. आणि तो मिळायलाच हवा, कारण हेच टॅग मुलींच्या बॅगेत, गाडीत लपवून पाठलाग केल्याचे प्रकार झाले आहेत. कोणी आतला स्पीकर काढून, म्हणजे टॅग मुका करून, देतो म्हणाला तर असा टॅग घेऊ नका. चोरीसाठी सिमवाला, गाडीच्या बॅटरीवर चालणारा जीपीएस लावा, त्याचा वेगळा रिचार्ज पडतो. शिवाय एअरटॅग ६० अंशांपर्यंतच चालतो असं अ‍ॅपल सांगतं, आणि मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिक्की किती तापते ते आपल्याला ठाऊक आहे.

बॅटरी बहुतेकांत सीआर२०३२, म्हणजे बटणासारखा चपटा सेल, वर्षभर पुरते, घरीच बदलता येते. लहान मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलवर कडू लेप असतो. असे काही सेल एअरटॅगमध्ये चालत नाहीत. म्हणून बिनलेपाचा सेल घेतलात आणि घरात लहान लेकरू असेल, तर तो त्याच्या हाताला लागू देऊ नका. गिळलेला सेल जिवावर बेतू शकतो.

एअरटॅग आता माझ्या सुटकेसला आहे. बाबांच्या जुडग्याला गूगलच्या जाळ्यावरचा टॅग लावला, त्यांच्याच फोनला जोडून. आणला त्या संध्याकाळी कूलर चालू ठेवूनच मी चाबी तीनदा लपवली. पहिल्या दोन वेळी मला मदत करावी लागली. मग ठरलं की आधी कूलर बंद करायचा, फोन हातात धरून खोलीखोलीत फिरायचं आणि पडद्यावरची जवळ-दूरची खूण पाहायची, नुसत्या आवाजाच्या मागे लागायचं नाही. तिसऱ्या वेळी बाबांनी पलंगाच्या गादीखालून चाबी स्वतः काढली.