बॉस कटाना ५० मार्क टू : घरातील सराव आणि मंचावरील कार्यक्रमांनंतरचा अनुभव

मराठी भावगीते आणि चित्रपटगीते सादर करणाऱ्या मुंबईतील एका वाद्यवृंदात मी इलेक्ट्रिक गिटार वाजवतो. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर मी बॉस कंपनीचा कटाना ५० मार्क टू हा गिटारचा आवाज मोठा करणारा, स्पीकर असलेला अ‍ॅम्प घेतला. तेव्हापासून दादरच्या घरातील रियाज, गणेशोत्सवातील मंडप, कोजागरीची गच्ची आणि बंदिस्त नाट्यगृह अशा अगदी वेगवेगळ्या जागी तो वाजवून झाला आहे. कमी आवाजातही स्वर न बिघडवता वाजणे हा मला त्याचा सर्वांत मोठा गुण वाटतो, आणि वाद्यवृंदात वाजवणाऱ्याला पन्नास वॉटच्या जोरापेक्षा याच गुणाचा उपयोग अधिक होतो.

या अ‍ॅम्पमध्ये बारा इंची एकच स्पीकर असून क्लीन, क्रंच, लीड, ब्राउन आणि अकूस्टिक असे पाच मूळ स्वरप्रकार आहेत. मागच्या पिढीतील व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) अ‍ॅम्पमध्ये भरदार, किंचित फाटलेला स्वर मिळवायचा तर आवाज बराच वाढवावा लागे, आणि भिंतीला भिंत लागून असलेल्या घरांत ते शक्य नसते. येथे ०.५, २५ आणि ५० वॉट अशा तीन पायऱ्या दिलेल्या आहेत. अर्ध्या वॉटवर ठेवून मास्टर (एकूण आवाजाचे बटण) पुरेसा वर नेला, तरी शेजारच्या खोलीत बोलणे ऐकू येईल एवढ्याच आवाजात क्रंचचा किंचित फाटलेला स्वर भरदारपणासकट मिळतो. रात्री उशिरा मी हेडफोन लावतो. त्या वेळी स्पीकर आपोआप बंद होतो.

घरी जुळवलेला स्वर मंचावर जसाच्या तसा चालत नाही, आणि त्याचे कारण माणसाच्या कानात आहे. आवाज लहान असताना कानाला खर्जाकडचा भाग कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये मोजून दाखवले होते. त्यामुळे घरी वाजवताना हात आपसूक बेसच्या बटणाकडे जातो, आणि तीच जुळणी सभागृहात मोठ्या आवाजात ऐकली की गिटार घुमू लागते व ढोलकीच्या धुमावर चढून बसते. अ‍ॅम्पमध्ये चार जुळण्या साठवता येतात. त्यांपैकी दोन मी घरासाठी आणि दोन मंचासाठी राखून ठेवल्या आहेत. मंचावरच्या जुळण्यांत बेस कमी, मध्य सप्तकाचा भाग थोडा अधिक आणि रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) जवळजवळ नाहीच, कारण नाट्यगृहाची स्वतःची गुंज त्यात मिसळणारच असते. नॉइज सप्रेसरसारख्या (नकोशी खरखर दाबणाऱ्या) काही बारीक गोष्टी मात्र संगणकावरील टोन स्टुडिओ या प्रणालीतूनच बदलता येतात, म्हणून ते काम कार्यक्रमाच्या आधी घरीच उरकलेले बरे.

अ‍ॅम्प कुठे ठेवायचा, हा प्रश्न स्वराच्या जुळणीइतकाच महत्त्वाचा आहे. बारा इंची स्पीकरमधून तीव्र स्वर जवळजवळ सरळ रेषेत पुढे जातात. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवून वादक त्याच्यापुढे उभा राहिला, तर ते त्याच्या गुडघ्यांवर आदळतात. त्याला स्वर बोथट वाटतो, तो ट्रेबल वाढवतो, आणि पहिल्या रांगेतील श्रोत्यांना स्वर टोचू लागतो. मी अ‍ॅम्प मजबूत खुर्चीवर, किंचित मागे कललेला आणि मंचाच्या कडेवरून माझ्या कानाकडे तोंड करून ठेवतो. आपल्या वाद्यवृंदात याला आणखी एक कारण आहे. तबला, ढोलकी आणि हार्मोनियम यांच्यापुढे उघडे माइक असतात. गिटारचा अ‍ॅम्प त्यांच्या रोखाने असेल तर तबल्याचा माइक वर केला की गिटारही वर येते, आणि मग साउंडवाल्यांच्या हाती काहीच उरत नाही. "दादा, स्टेजवरचा आवाज जरा खाली घ्या, बाहेर मी देतो," असे ते सांगतात, तेव्हा ते त्यांच्या कामाचे मर्म सांगत असतात. अ‍ॅम्प मंचावरच्या आम्हा मंडळींसाठी असतो. श्रोत्यांपर्यंत गिटार पोहोचवण्याचे काम सभागृहाच्या ध्वनिव्यवस्थेचे आहे. २५ वॉटची पायरी त्यासाठी भरपूर होते.

अ‍ॅम्पचा स्वर ध्वनिव्यवस्थेत नेण्यासाठी मी शुअर एसएम ५७ हा १९६५ पासून चालत आलेला डायनॅमिक माइक वापरतो. स्पीकरच्या मध्यबिंदूसमोर तो धरला तर स्वर तिखट येतो, कडेकडे सरकवला तर मऊ होतो, आणि जाळीला जितका जवळ न्यावा तितका खर्ज फुगतो. कापडामागे स्पीकर दिसत नाही, म्हणून विजेरीच्या उजेडात त्याचा मध्य शोधून तेथे चिकटपट्टीचा लहानसा तुकडा लावून ठेवला आहे. पडदा उघडण्याआधीच्या घाईत त्याचा फार उपयोग होतो. माइक लावण्यासारखी स्थिती नसेल तेव्हा मागच्या रेकॉर्ड आउटमधून डीआय बॉक्समार्गे (वाद्याचा संकेत मिक्सरला चालेल असा करणाऱ्या लहान पेटीतून) थेट मिक्सरला जोडता येते. तो जॅक स्टिरिओ आहे, त्यामुळे साधी गिटारची केबल न वापरता दोन मोनो टोके देणारी केबल जवळ असू द्यावी. हेडफोनची जोडणीही तीच असल्याने यात स्पीकर बंद होतो, आणि स्वतःची गिटार ऐकण्यासाठी पूर्णपणे मॉनिटरवर (मंचावर वादकांकडे तोंड केलेल्या स्पीकरवर) विसंबावे लागते. मॉनिटर चांगला नसेल तेथे मी ही वाट घेत नाही.

विजेविषयी मी अतिशय काटेकोर आहे आणि सर्वांनी असावे, असे कळकळीने सांगतो. मंडपात बहुधा जनरेटर असतो, दिव्यांचे डिमर (प्रकाश कमी-जास्त करणारी यंत्रे) त्याच वाहिनीवर असतात आणि गिटारमध्ये गुणगुण शिरते. गिटार सिंगल कॉइल पिकअपची (तारांचे कंपन एकाच वेटोळ्याने टिपणारी) असेल तर उभे राहण्याची दिशा बदलूनही ती पुष्कळ कमी होते. मिक्सर आणि अ‍ॅम्प एकाच बोर्डावरून चालवावेत. तरीही गुणगुण राहिली तर डीआय बॉक्सवरील ग्राउंड लिफ्टचे (फक्त संकेताच्या केबलमधील अर्थची जोडणी तोडणारे) बटण दाबून पाहावे. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा उपाय काही ठिकाणी सर्रास सुचवला जातो, आणि तो जिवावर बेतू शकतो : वादकाचे हात धातूच्या तारांवर असतात, ओठ माइकच्या जाळीला लागतात, आणि दोष कुठेही असला तरी वीज त्याच्या शरीरातून वाट काढू शकते. बोर्डाला अर्थिंग आहे की नाही हे मी जोडणीपूर्वी तपासणी-प्लगने पाहतो आणि नसेल तर मंडळाच्या वायरमनला बोलावतो.

उघड्या जागी रात्री दहाचे भानही ठेवावे लागते. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे; रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, आणि सणांसाठी राज्य शासनाला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते.

कटानाचे वजन ११.६ किलो आहे. गर्दीची वेळ टाळली तर लोकलने नेता येतो, पण गिटार आणि केबलची पिशवी सोबत असेल तर टॅक्सी बरी. पावसाळ्यातील खाऱ्या, दमट हवेत जॅक आणि बटणे खरखरू लागतात, म्हणून अ‍ॅम्पवर कापडी आच्छादन घालतो आणि अधूनमधून संपर्क-स्वच्छकाचा (कॉन्टॅक्ट क्लीनरचा) फवारा देतो.

घेण्याच्या विचारात असणारे १०० वॉटच्या आवृत्तीबद्दल नेहमी विचारतात. वॉट दुप्पट झाल्याने आवाज केवळ ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटण्यासाठी साधारण १० डेसिबलचा फरक लागतो. त्या आवृत्तीत स्वतंत्र लाइन आउट (मिक्सरकडे थेट स्वर नेणारी) आणि सेंड-रिटर्नच्या (बाहेरची इफेक्ट-यंत्रे जोडण्याच्या) जोडण्या आहेत. महिन्यातून अनेक कार्यक्रम असतील आणि माइकशिवाय थेट मिक्सरला जोडताना स्वतःचा स्पीकरही चालू ठेवायचा असेल, तर जास्तीचे पैसे त्या जोडण्यांसाठी द्यावेत.