कॅलरीचं अ‍ॅप आणि घड्याळ, की वही आणि वजनकाटा?

वजन उतरवायचं ठरलं की नोंद कशात ठेवायची हा प्रश्न येतोच. मनगटावरचं घड्याळ आणि फोनमधलं कॅलरीचं अ‍ॅप ही एक जोडी, साधी वही आणि वजनकाटा ही दुसरी. पहिलीसोबत मी सात महिने काढले, दुसरीसोबत आता दीड वर्ष होईल. माझं पारडं कुठे झुकलंय हे त्यावरून कळतंच. पण अ‍ॅपने मला जे शिकवलं ते वहीने शिकवलं नसतं, म्हणून आधी त्याचं देणं देऊन टाकतो.

शिकवलं ते तेलाबद्दल. भाजीला मी 'चमचाभर' तेल घालतो असं मला वाटायचं. अ‍ॅपमध्ये ग्रॅम भरायचे होते, म्हणून एक दिवस तेलाची बाटली स्वयंपाकघरातल्या छोट्या काट्यावर ठेवली, आकडा शून्यावर आणला, नेहमीसारखी कढईत धार सोडली आणि बाटली परत ठेवली. उणे ३१. स्निग्ध पदार्थाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे त्या धारेत जवळजवळ २८० कॅलरी होत्या. मोठा चमचा मोजून घातला असता तर साधारण १२०. प्रथिनं आणि कर्बोदकांचं ग्रॅमला ४ कॅलरीचं गणित पाठ असूनही माझा डोळा इतका चुकत होता.

यात मी एकटा नाही. १९९२ साली अमेरिकेत एक छोटा अभ्यास झाला होता. 'खातो कमी, तरी वजन हलत नाही' म्हणणाऱ्यांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी सांगितलं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. ही माणसं खोटं बोलत होती असं नाही, डोळाच तसा चुकतो. तो सुधारायला तीन-चार आठवडे अ‍ॅप वापरण्याइतकं चांगलं दुसरं काही मला तरी सापडलं नाही.

त्यानंतर मात्र कटकटी सुरू होतात. तांदूळ शोधला की दहा नोंदी पुढ्यात येतात. १०० ग्रॅम कच्च्या तांदळात ३५०च्या वर कॅलरी, शिजलेल्या भातात १३०च्या आसपास, आणि निम्म्या नोंदींवर कच्चं की शिजलेलं हेच लिहिलेलं नसतं. शिवाय पाकिटावरचा बारकोड दोन सेकंदांत स्कॅन होतो, घरच्या भाजीला मात्र जिन्नस भरताना पाच मिनिटं जातात. दोन-तीन महिन्यांनी लक्षात आलं की जे नोंदवायला सोपं तेच मी खायला लागलोय. हे जरा गमतीशीरच झालं.

घड्याळाचं म्हणाल तर नाडीचे ठोके ते बऱ्यापैकी मोजतं, पावलंही. (रोज १०,०००चा आकडा १९६५च्या एका जपानी पाऊलमोजणी यंत्राच्या नावावरून आलाय, त्यामुळे ८,००० झाली म्हणून हिरमुसू नका.) खर्च झालेल्या कॅलरी हा मात्र त्याचा अंदाज असतो. स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली मनगटावरची सात यंत्रं तपासली, त्यांतल्या सगळ्यात बऱ्या यंत्राचीही कॅलरीतली चूक सरासरी २७ टक्के निघाली. उकाडा, कॉफी, साहेबांचा फोन, कशानेही ठोके वाढतात. त्यांतला व्यायाम कुठला, हे मनगटाने ओळखायचं कसं?

एवढंही मी चालवून घेतलं असतं. मला पिडलं ते एकाच गोष्टीने. घड्याळ व्यायामाच्या कॅलरी अ‍ॅपकडे पाठवायचं आणि अ‍ॅप त्या माझ्या खाण्याच्या खात्यात जमा करायचं. रात्री नऊला जेवण उरकून बसावं, तर पडद्यावर हिरव्या अक्षरांत '२९० शिल्लक'. पोट भरलेलं असायचं, पण शिल्लक दिसली की हात डब्याकडे जायचाच, कारण ते आपण कमावलेलं असतं ना!

एकदा कागद घेऊन बसलो. माझं वजन ८० किलो. मध्यम वेगाने चालताना शरीर स्वस्थ बसल्याच्या साधारण साडेतीनपट ऊर्जा खर्च करतं, आणि स्वस्थ बसलेलं शरीर तासाला किलोमागे १ कॅलरी जाळतं. म्हणजे ४० मिनिटांचे झाले १८७. त्यांतले ५३ तर मी खुर्चीत बसून राहिलो असतो तरी गेलेच असते. चालण्याची खरी कमाई १३४, आणि खात्यात जमा २९०. वर अ‍ॅप सुरू करतानाच मी 'मध्यम हालचाल' निवडलं होतं, म्हणजे हे चालणं रोजच्या हिशोबात आधीच धरलेलं होतं. एकाच चालण्याचे पैसे दोनदा घेत होतो म्हणायचे.

सहा आठवड्यांचा ताळा असा: अ‍ॅपच्या मते रोज ५०० कॅलरींची तूट. किलोला ७,७०० हा ढोबळ भाव धरला तर पावणेतीन किलो उतरायला हवे होते. उतरले ६०० ग्रॅम.

वहीत मी कॅलरी लिहीतच नाही. सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, पाणी पिण्याआधी वजन. खाली दोन ओळी: 'तेल २ चमचे. रात्री भात दोनदा वाढून घेतला. चाललो ४० मि.' रविवारी सात दिवसांची सरासरी काढायची आणि मागच्या रविवारच्या सरासरीशी ताडून पाहायची. एकेका दिवसाच्या आकड्याला अर्थ नाही, खारट जेवण झालं की दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो आणि ते नुसतं पाणी असतं. सरासरी तीन आठवडे जागची हलली नाही तर मागची पानं उलटायची. बहुतेक वेळा 'दोनदा वाढून घेतला' हेच सापडतं.

वहीचेही दोष आहेत. ती आठवण करून देत नाही. प्रवासात अकरा दिवस कोरे गेले, कोणी विचारलं नाही. प्रथिनं किती गेली हे तिला कळत नाही, त्यामुळे स्नायू कमवायचे असतील तर अ‍ॅपच बरं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खाण्यात बदल डॉक्टरांना विचारूनच करावेत. आणि आकडे पाहून ज्यांचं जेवणावरचं मनच उडतं, त्यांनी दोन्हींपासून लांब राहावं.

२०१६ साली दोन वर्षांच्या एका अमेरिकी चाचणीचे निष्कर्ष आले. आहार-व्यायामाचं मार्गदर्शन दोन्ही गटांना होतं. अंगावर यंत्र बांधलेल्यांचं वजन सरासरी साडेतीन किलो उतरलं, वेबसाइटवर स्वतः नोंद ठेवणाऱ्यांचं ५.९ किलो. यंत्र दंडावर बांधायचं, जुन्या धाटणीचं होतं, तेव्हा एका चाचणीवर फार भिस्त नको. पण मला वाचून आश्चर्य वाटलं नाही.

घड्याळ आधीच घेतलं असेल तर टाकून देऊ नका, ठोक्यांसाठी मीही घालतो. फक्त अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन व्यायामाच्या कॅलरी खाण्यात मिळवण्याचं बटण बंद करा. माझ्या अ‍ॅपमध्ये ते तीन पडदे आत होतं.