भोपळा-ज्वारीचं सॅलड, पाच महिने: डबा चांगला, स्टिकर खोटं

जूनपासून आठवड्याचे पाच दिवस दुपारी हाच डबा खातोय. वाफवलेला लाल भोपळा, अख्खी शिजवलेली ज्वारी, शेंगदाणे, कोथिंबीर आणि वेगळ्या इवल्याशा डबीत तेल-लिंबू. आधी १४० रुपये होता, ऑक्टोबरपासून १६५. दर वाढला नसता तर मी वजनकाटा काढलाच नसता. अक्कलकोट रोडला टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो, त्यामुळं २५ रुपये वाढले की बिल दोनदा बघायची खोड आहे.

पहिल्या दिवशी डबा घरी नेला तेव्हा आई म्हणाली, "आरं, ह्या तर घुगऱ्या! घुगऱ्यांला दीडशे रुपये?" तिचं चूक नाही. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन मिळालेल्या जिल्ह्यात 'होल ग्रेन' असं छापून ज्वारी विकायची म्हणजे कमालच. न चाळलेल्या पिठाची भाकरीही होल ग्रेनच की. पण पहिले दोन महिने मी आईशी भांडलो, कारण चव खरंच चांगली आहे. भोपळ्याचा गिच्चा होत नाही, फोड फोड वेगळी राहते. ज्वारी चावावी लागते, त्यामुळं जेवण पाच मिनिटांत उरकत नाही.

एकच गोष्ट कळत नव्हती. स्टिकरवर ४९० कॅलरी आणि १६ ग्रॅम प्रोटीन, आणि मला मात्र चार वाजता कडकडून भूक. चहाबरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी. मग डाएट कसलं?

शेवटी एका रविवारी डबा मागवून ताटात वेगवेगळा केला. भोपळा १५० ग्रॅम, ज्वारी ११०, शेंगदाणे १५. स्टिकरवर लिहिल्याबरहुकूम, एक ग्रॅम कमी नाही. म्हणजे मापात पाप नव्हतं. मग तक्ते काढून बसलो. १०० ग्रॅम ज्वारीत साधारण १० ग्रॅम प्रोटीन आणि ३३५ च्या आसपास कॅलरी, पण हे आकडे कोरड्या दाण्याचे, आणि स्टिकरवर तेच धरलेले दिसतात! डब्यातली ज्वारी पाणी पिऊन फुगलेली. घरी १०० ग्रॅम रात्रभर भिजवून, कुकरला शिजवून, निथळून तोलली तर २७५ ग्रॅम भरली. म्हणजे डब्यातल्या ११० ग्रॅममध्ये खरी ज्वारी ४० ग्रॅम. तिचं प्रोटीन ४, भोपळ्याचं दीड, शेंगदाण्याचं पावणेचार. बेरीज सव्वानऊ. कॅलरी तेल सोडून २६० च्या घरात.

चार वाजताच्या भुकेचा उलगडा इथं झाला.

डबेवाल्यांना मेसेज टाकला. उत्तर आलं, "सर, व्हॅल्यूज ॲप्रॉक्स असतात." सव्वानऊचे १६ होणं ॲप्रॉक्स असेल तर मीही पगाराच्या दिवशी ॲप्रॉक्स बिल देतो, असं लिहिलं. दोन दिवस गप्प. मग फोनवर एक मुलगी अतिशय नम्रपणे म्हणाली की पुढच्या डब्यावर ताक मोफत देऊ. मला ताक नको होतं हो.

आता स्वतःची चूकही सांगतो. ती तेलाची डबी मी तीन महिने न उघडता शेजारच्या टेबलावर देत होतो. माझे ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढलेले, म्हणून वाटलं तेल गेलं तर बरंच. वास्तविक लाल भोपळ्यात प्रोटीन नसल्यात जमा, १०० ग्रॅममध्ये २६ कॅलरी, बाकी नव्वद टक्क्यांवर पाणी. चोथासुद्धा अर्धा ग्रॅमच, पोट साफ होतं ते ज्वारीमुळं. भोपळा खायचा तो बीटा-कॅरोटीनसाठी, ज्याचं शरीरात अ जीवनसत्त्व होतं, आणि ते शोषायला स्निग्ध पदार्थ लागतो. शेंगदाण्यांनी थोडं भागलं असेल, पण मुद्दाम दिलेली डबी मी वाटत होतो. तेव्हापासून पूर्ण ओततो. दोन चमचे तेल, ९० कॅलरी. लिंबाचाही उपयोग आहे: ज्वारीतलं लोह क जीवनसत्त्वानं जास्त लागू पडतं. त्या डबीबद्दल डबेवाल्यांना पैकीच्या पैकी.

भोपळा गोड म्हणून साखर असलेल्यांनी खाऊ नये असं आमच्या मावशी म्हणतात. १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं साडेसहा ग्रॅमच्या आसपास आहेत. मावशींच्या एका भाकरीत त्याच्या कितीतरी पट.

नोव्हेंबरपासून तीन दिवस घरचा डबा. मंडईतून गर्द केशरी फोड बघून घेतो, फिकट घेत नाही. ज्वारी घरातलीच. शिवाय २५ ग्रॅम मटकी मोड आणून घालतो, त्यानं पाचेक ग्रॅम प्रोटीन वाढतं आणि ज्वारीत जे लायसिन (प्रोटीनचा एक घटक) कमी पडतं ते डाळवर्गातनं मिळतं. खर्च ३० रुपयांच्या आत. आई आता घुगऱ्या म्हणत नाही, "तुझं ते सॅलेड" म्हणते आणि वर शेंगाचटणी भुरभुरते. चटणीनं चव दुप्पट होते, हे डबेवाल्यांना सुचलं नाही याचं नवल आहे.

दोन दिवस मात्र अजून तिथूनच मागवतो, कारण भोपळा इतका नेमका वाफवायला मला जमत नाही. कालच्या डब्यावर नवं स्टिकर होतं. 'ज्वारी' च्या पुढं आता 'शिजवलेली' असं छापलंय. प्रोटीन १६ ग्रॅमच.