रोपे तयार करण्याचा घरगुती संच: झाकणापेक्षा ट्रे सरस

थंडी ओसरू लागलेली असते, पण वाफ्यातली माती अजून गार आणि चिकट असते. अशा दिवसांत टोमॅटो-मिरचीची रोपे घरातच तयार करता यावीत म्हणून मी हा संच घेतला. त्यात २४ खणांचा ट्रे, पाणी धरणारी उथळ परात, दोन झडपा असलेले पारदर्शक झाकण आणि नारळाच्या काथ्याच्या भुशाच्या २४ दाबलेल्या चकत्या मिळतात. दोन हंगाम वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, वेष्टनावर ज्या झाकणाची एवढी वाखाणणी केली आहे ते शक्य तितक्या लवकर काढून ठेवावे आणि ज्या ट्रेविषयी तिथे एक ओळही नाही, त्या ट्रेसाठी हा संच घ्यावा.

झाकण निरुपयोगी आहे असे मुळीच नाही. टोमॅटोचे बी २५ अंश सेल्सिअसला साधारण सहा दिवसांत उगवते, तर १५ अंशांना त्यालाच दोन आठवडे लागतात. मिरची तर याहून हट्टी आहे. त्यामुळे बी रुजेपर्यंत ऊब आणि ओल धरून ठेवणारे झाकण हवेच. पण माहितीपत्रकात ते 'रोपे मोठी होईपर्यंत' ठेवण्यास सांगितले आहे आणि पहिल्या वर्षी मी ते प्रमाण मानले. झाकणाच्या आतून सतत थेंब ओघळत होते, चकत्यांवर हिरवट शेवाळ धरले होते आणि एका सकाळी नऊ रोपे आडवी पडलेली दिसली. त्यांची पाने अजून टवटवीत होती, पण मातीलगतची मान दोऱ्यासारखी बारीक होऊन काळी पडली होती. हा मर रोग बुरशीजन्य असतो आणि दमट, कोंदट हवा त्याला पोषक ठरते. दुसऱ्या वर्षी निम्म्याहून अधिक बी उगवताच मी झाकण काढले आणि पाणी वरून न घालता परातीत ओतून अर्ध्या तासाने उरलेले काढून टाकले, तेव्हा एकच रोप गेले.

ट्रेची मात्र तारीफ करावीशी वाटते. प्लॅस्टिक जाड आहे, खण खाली निमुळते आहेत आणि प्रत्येकाच्या तळाचे छिद्र एवढे रुंद आहे की बोटाने खालून हलकेच ढकलले की रोप मुळांच्या गुंत्यासकट अलगद वर येते. पुनर्लागवडीत मुळे न दुखावणे किती मोलाचे असते, हे ज्याने वाफ्यातून रोपे उपटून लावली आहेत त्याला सांगायला नको.

चकत्या सोयीच्या आहेत, इतकेच. त्यांच्यात पोषक द्रव्ये जवळपास नसतात, म्हणून खरी पाने (बीजपत्रांच्या जोडीनंतर येणारी) फुटल्यावर सौम्य द्रवरूप खत द्यावेच लागते. शिवाय प्रत्येक चकतीभोवती बारीक जाळी असते. ती आपोआप कुजते असे वेष्टन म्हणते. हंगाम संपल्यावर मी उपटलेल्या झाडांच्या बुडाशी ती जशीच्या तशी निघाली आणि काही मुळे तिच्या आतच घुटमळलेली होती. लावताना ती कात्रीने कापून काढावी. चकत्या संपल्यावर मी खणांत चाळलेले गांडूळखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा सुटा भुसा) मिसळून भरले, आणि रोपे उलट अधिक जोमदार झाली.

रोपे बाहेर लावण्याआधी सात ते दहा दिवस त्यांना थोडा थोडा वेळ उन्हावाऱ्यात ठेवून काटक करावे लागते, याचा माहितीपत्रकात उल्लेखही नाही. नवख्या माणसासाठी ही उणीव गंभीर आहे. ज्यांना फक्त वाटाणा, गाजर आणि मुळा लावायचा आहे, त्यांनी हा संच घेऊ नये. वाटाणा गार मातीतही रुजतो, आणि गाजर-मुळ्याचे सोटमूळ जागा बदलताना दुखावले की त्याला फाटे फुटतात.