मुद्दाम चूक करा, मग इंग्रजीचं ॲप निवडा

इंग्रजी शिकण्यासाठी ॲप किंवा वेबसाइट निवडताना आपण बहुतेकदा धडे किती, किंमत किती आणि लोकांनी स्टार किती दिलेत एवढंच बघतो. मी आधी मुद्दाम एक चूक करून बघते. 'आय हॅव सीन हिम येस्टरडे' असं लिहायचं. मराठीत 'मी त्याला काल पाहिलंय' सहज चालतं, म्हणून मराठी माणसाकडून ही चूक हमखास होते. साधनाने नुसती लाल फुली मारली तर ते फक्त परीक्षा घेतंय. 'आय सॉ हिम' एवढं दाखवलं, तर बरं. पण 'येस्टरडे'सारखी ठरावीक वेळ आली की तिथे 'हॅव' बसत नाही, हे सांगितलं तर ते शिकवतंय.

या कसोटीवर ड्युओलिंगोसारखी खेळाच्या धर्तीची ॲप मध्यम ठरतात. रोज थोडा वेळ बसवण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही, आणि अगदी कोऱ्या पाटीच्या माणसाला त्याचीच गरज असते. पण बराचसा सराव समोर मांडलेले शब्द उचलून वाक्य जुळवण्याचा असतो. पर्यायांत 'वेन्ट' दिसला की तो ओळखता येतो. बोलताना मात्र तो स्वतःच्या डोक्यातून काढावा लागतो. जिथे टाइप करायची सोय असेल तिथे शब्दांचे ठोकळे बंद करून तीच वापरा. अवघड वाटेल, पण फायदा त्यातच आहे.

बीबीसी लर्निंग इंग्लिश आणि ब्रिटिश कौन्सिलचं लर्नइंग्लिश यांची गोष्ट वेगळी. बीबीसीचं रेडिओवरून इंग्रजी शिकवणं १९४३ पासूनचं, आणि साहित्य अजूनही कसदार आहे. लर्नइंग्लिशवर ए१ (अगदी सुरुवातीची), ए२ (त्याच्या पुढची) अशा युरोपीय पातळ्यांनुसार मांडणी असल्यामुळे आपण नेमके कुठे आहोत ते कळतं. अडचण एवढीच, की ऑडिओ तुमची चूक ऐकत नाही. त्यावर उपाय आहे. 'सिक्स मिनिट इंग्लिश'चा एक भाग घ्या, मजकूर न बघता एक मिनिट ऐका, ऐकू आलं ते शब्दन् शब्द लिहा आणि मग दिलेल्या मजकुराशी ताडून बघा. 'शुड हॅव'चं बोलताना 'शुडव्ह' होतं आणि आपण तो 'हॅव' लिहीतच नाही, हे तेव्हा लक्षात येतं. फुकटच्या साधनांत मला याहून चांगला व्यायाम माहीत नाही.

२०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आलं आणि तुलनेचं गणितच बदललं. वाक्य कुठे चुकलं ते मराठीत विचारता येतं, समजलं नाही तर पुन्हा विचारता येतं, आणि कुणी हसेल ही धास्ती नाही. जी माणसं वाचतात भरपूर पण बोलायची वेळ आली की गप्प होतात, त्यांच्यासाठी हे फार मोठं आहे. मात्र दोन गोष्टी तपासा. एक म्हणजे, गप्पांच्या ओघात ते मोडकं वाक्यही समजून घेतं आणि पुढे जातं. 'प्रत्येक उत्तराआधी माझी चूक दाखव आणि कारण मराठीत सांग' असं सुरुवातीलाच बजावावं लागतं. दुसरी तपासणी जास्त महत्त्वाची. 'अ युनिव्हर्सिटी' बरोबर आहे, तरी 'इथे ॲन हवं ना? यू तर स्वर आहे' असा हट्ट धरा. उच्चार 'य'ने सुरू होतो म्हणून 'अ'च, असं सांगून ते ठाम राहिलं पाहिजे. तुमच्या हो ला हो करणाऱ्या साधनाकडून व्याकरण शिकू नका, बोलण्याच्या सरावापुरतं ठेवा.

उच्चार तपासणाऱ्या ॲपनाही हाच न्याय. आपल्या तोंडात 'व्ह' आणि 'व' एकच होतात. 'व्हेस्ट'च्या जागी मुद्दाम 'वेस्ट' म्हणा; तरी हिरवी खूण आली तर पैसे भरू नका.

अंकी हे २००६ पासूनचं फ्लॅशकार्डचं (एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर अशा कार्डांचं) साधन शिकवत नाही, शिकलेलं विसरू देत नाही. संगणकावर आणि अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत. कार्डावर सुटा शब्द न लिहिता पूर्ण वाक्य लिहा.

निवडायचंच तर अगदी नवख्याने खेळाच्या ॲपने सुरुवात करावी आणि साधी वाक्यं जमायला लागली की त्यातून बाहेर पडावं. वाचता येतं पण बोलता येत नाही, त्याने बीबीसी आणि चॅट यांची जोडी धरावी. पैसे भरून घ्यायच्या अभ्यासक्रमाचा विचार त्यानंतर. आणि शिकणारं मूल तेरा वर्षांच्या आतलं असेल तर चॅटजीपीटी त्याच्यासाठी नाही, तशी त्यांचीच अट आहे. तेरा ते अठरा वयात पालकांची परवानगी लागते, आणि अशा वेळी पहिले काही दिवस आपण शेजारी बसलेलं बरं.