भाकरी, पोळी, भात की पाव? किडनीचं पथ्य आणि लातूरचं ताट

सासऱ्यांचं क्रिएटिनीन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा घटक) वाढल्याचं कळलं, त्या आठवड्यात भेटायला आलेल्या जवळजवळ प्रत्येकानं एकच सांगितलं : ज्वारी बंद करा, पाव द्या. सत्तरी ओलांडलेल्या लातूरच्या माणसाची भाकरी बंद म्हणजे जेवणच बंद. म्हणून आकडे काढून बसले. बघायचे ते फॉस्फरस आणि पोटॅशियमचे, कारण किडनी दमली की ही दोन्ही रक्तात साचू शकतात.

100 ग्रॅम ज्वारीच्या पिठात फॉस्फरस साधारण 275 मिलिग्रॅम, पोटॅशियम 330 च्या आसपास. गव्हाच्या पिठात दोन्ही तीनशेच्या जरा वर. बाजरी त्याच पंगतीतली, पोटॅशियम थोडं जास्तच. पांढऱ्या तांदळाचं मात्र वेगळं, दोन्ही शंभराच्या आसपास. म्हणजे भाकरी सोडून पोळीवर येण्यात हाती काहीच लागत नाही. शिवाय अख्ख्या धान्यातला बराचसा फॉस्फरस फायटेट नावाच्या, आपल्याला नीट न पचणाऱ्या घटकात अडकलेला असतो, त्यातला निम्म्याहून कमीच अंगात शोषला जातो.

मग पाव? मैद्यात फॉस्फरस-पोटॅशियम कमी, हे खरं; सल्ला तिथूनच आलेला. पण मीठ कोण मोजतं? दिवसभराची मर्यादा साधारण 5 ग्रॅम मिठाची, आणि दोन पावांतच पाऊण ग्रॅमच्या आसपास जातं. भाकरीच्या पिठात आपण मीठ घालतच नाही. उकळतं पाणी, पीठ, मळायचं, थापायचं. एवढी अळणी गोष्ट आपल्या ताटात दुसरी नाही. पाकिटबंद ब्रेड, बिस्किटं घ्यायचीच असतील तर मागची बारीक अक्षरं वाचा. आयएनएस (पदार्थात घातलेल्या रसायनांचे क्रमांक) 341 किंवा 450 दिसलं तर ते फॉस्फेट आहे, आणि वरून घातलेलं फॉस्फेट जवळजवळ सगळं शोषलं जातं. ब्राउन ब्रेड बघून भुलू नका, बऱ्याचदा तो रंग दिलेला मैदाच असतो.

भात आकड्यांत सगळ्यांत हलका. पण सासऱ्यांना शुगरही आहे, त्यामुळे वाटी मोजूनच.

मला वाटतं, भाकरीपेक्षा तिची संगत वाईट. ठेचा, लोणचं, पापड, येसर आमटी, पिठलं. मीठ आणि डाळी-बेसनातलं फॉस्फरस-पोटॅशियम तिथून येतं, आणि बोल मात्र ज्वारीला. मीठ कमी करायचं म्हणून कुणी 'लो-सोडियम' मीठ आणून दिलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं, आणि किडनीच्या पेशंटला ते घातक ठरू शकतं. सैंधव म्हणाल, तर तेही मीठच.

आता निवड. रिपोर्टमध्ये पोटॅशियम-फॉस्फरस आटोक्यात असेल तर भाकरी सोडायचं कारण मला दिसत नाही. फॉस्फरस वाढलेला असेल तर एका वेळी भाकरी, एका वेळी भात. पाव कधीमधी, भाजी अळणी असेल त्या दिवशी. डायलिसिस सुरू असेल तर गणितच वेगळं, प्रोटीन उलट वाढवावं लागतं. तिथे आहारतज्ज्ञांनी दिलेला तक्ताच धरा.

आमच्याकडे सध्या दुपारी एक ज्वारीची भाकरी आणि दोडक्याची भाजी, रात्री वाटीभर भात. बाजरी फक्त भोगीला. वेळ अमावस्येची, म्हणजे आमच्याकडच्या शेतातल्या सणाची, डाळी-भाज्या एकत्र शिजवलेली भज्जी मात्र या हिशेबात कुठे बसवायची, ते अजून सुचलेलं नाही.