पाटाच्या पाण्यावर थेंबांची तपासणी पेटी: कुठे चालते, कुठे फसवते

थेंब टाकून पाणी तपासायची, ॲक्वेरियमच्या दुकानात मिळणारी सहा-सात बाटल्यांची पेटी नाशिककडे पाटाच्या पाण्यासाठीही वापरली जाते. गोगलगायी आणि पाण्यातली बुरशी अभ्यासायची असेल, तर ती घ्यावी का? घ्यावी, पण जपून. आपल्या पाटात जे सहसा बिघडत नाही ते ही पेटी नेमकं मोजते, आणि जे बिघडतं तिथे तोकडी पडते.

जडपणाची बाटली उत्तम. ५ मिलि पाण्यात एकेक थेंब टाकायचा, नारंगी रंग हिरवा झाला की थांबायचं. एक थेंब म्हणजे लिटरला सुमारे १७.८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. १० मिलि पाणी घेतलं तर थेंबाची किंमत निम्मी होते आणि आकडा जास्त बारीक मिळतो. मात्र यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकत्र येतात. शंखाला लागतं ते कॅल्शियम. ते लिटरला २० मिलिग्रॅमच्या खाली गेलं की बऱ्याच जाती विरळ होतात, पण काळ्या कातळातून आलेल्या आपल्या पाण्यात ही अडचण क्वचितच येते.

सामूची (पीएचची) साधी बाटली ७.६ ला संपते. पाटाचं पाणी ८.२ असलं तरी ती ७.६ च दाखवणार. म्हणून ७.४ ते ८.८ मोजणारी बाटली वेगळी मागून घ्या. हा खर्च टाळू नका, कारण अमोनियाचा अर्थ सामूवरच ठरतो. २५ अंश तापमानाला एकूण अमोनियापैकी विषारी भाग सामू ७ ला अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, ८ ला ५ टक्के आणि ८.५ ला १५ टक्के. आकडा तोच, पण गोगलगायीसाठी धोका कित्येक पट.

तांब्याची बाटली घेऊ नका. बऱ्याच पेट्यांत तिची पहिली पायरी ०.२५ मिलिग्रॅम असते. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत डावणी या बुरशीजन्य रोगासाठी एक टक्का बोर्डो मिश्रण मारतात: १०० लिटर पाण्याला १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट). मोरचुदात चौथा हिस्सा तांबं असतं, म्हणजे त्या मिश्रणाच्या एका लिटरमध्ये अडीच ग्रॅम. पंप धुताना एवढं एक लिटर दहा हजार लिटरच्या टँकरभर पाण्यात गेलं, तर लिटरला बरोबर ०.२५ मिलिग्रॅम एकूण तांबं होतं. नाजूक जातींना याच्या दहाव्या हिश्शानेही इजा होते, आणि तिथे पेटी शून्य दाखवते. तांब्यासाठी पाणी प्रयोगशाळेतच द्यावं.

विरघळलेल्या ऑक्सिजनची बाटली बहुतेक पेट्यांत नसतेच. ती वेगळी घ्या आणि उजाडायच्या आत मोजा. दुपारी शेवाळामुळे आकडा फुगतो. जोडीला काठावर कोणत्या गोगलगायी आहेत तेही बघा. शंखाच्या तोंडावर झाकण असलेली मोठी बेलामिया कल्ल्यांनी श्वास घेते. चपट्या चकतीसारखी इंडोप्लॅनॉर्बिस आणि पातळ शंखाची लिम्निया पृष्ठभागावर येऊन हवा घेतात. चारीत (पाटाच्या फाट्यात) फक्त या दोघीच उरल्या असतील, तर ऑक्सिजनवर संशय घ्या. गुरांच्या पर्णकृमींच्या (चपट्या परजीवी जंतांच्या) वाहकही याच, त्यामुळे हा बदल पशुपालकांनाही महत्त्वाचा आहे.

बुरशीबद्दल पेटी काहीच सांगत नाही. सांडपाण्याच्या तोंडाशी लोंबणारे राखाडी धागे बुरशी म्हणून नोंदवू नका. ते बहुतेक जिवाणूंचे असतात. पानं कुजवणारी खरी जलबुरशी वाहत्या, ऑक्सिजनयुक्त पाण्यात वाढते. पाट जिथे पायरी उतरतो तिथला फेस काचपट्टीवर घ्या. ४०० पट मोठं केल्यावर चार हातांचे बीजाणू दिसतात. मोजमाप हवं असेल तर करंजाची ५ ग्रॅम वाळलेली पानं कांद्याच्या जाळीच्या पिशवीत आणि तेवढीच मच्छरदाणीच्या कापडात बांधा, आवर्तन (पाटाला पाणी सोडण्याची पाळी) सुरू असताना १४ दिवस पाण्यात ठेवा, मग वाळवून वजन करा. मच्छरदाणीतली घट मुख्यतः बुरशी आणि जिवाणूंची. जाळीत जी जादा घट दिसेल ती गोगलगायी आणि किड्यांची. पहिल्या दोन दिवसांत पानांतला रस निघून वजन उतरतं, म्हणून एक जोडी दोन दिवसांनीच काढून तेवढी घट वजा करा.

आवर्तनाचं पहिलं पाणी तपासू नका, त्यात चारीतला साचलेला कचरा येतो. गढूळ पाणी आधी निवळू द्या. नायट्रेटच्या तपासणीला दोन बाटल्या असतात; त्यातली दुसरी मात्र वापरण्याआधी पुरती अर्धा मिनिट जोरात हलवा, नाहीतर तळाची पूड बसून राहते आणि आकडा खोटा कमी येतो.